फौजी घराची तब्येत आणि पत्र्याच्या पेटीतले कागद



या सदरात आपण गुडघेदुखी, मधुमेह, मोतीबिंदू, पथ्यपाणी अशा विषयांवर बोलतो. आजचा विषय थोडा वेगळा वाटेल, पण त्याचा रक्तदाबाशी आणि झोपेशी फार जवळचा संबंध आहे. आपल्यापैकी ज्यांच्या घरी कोणी फौजेत, नौदलात किंवा हवाई दलात होते त्या वडीलधाऱ्यांसाठी, आणि विशेषतः त्यांच्या मागे राहिलेल्या पत्नींसाठी, सरकारने बऱ्याच सोयी करून ठेवल्या आहेत. सोयी आहेत, माणसेही आहेत. मध्ये जोडणारा दुवा मात्र पुष्कळ घरांत नाही. मुले आखातात किंवा इस्रायलला, कागद गावच्या पेटीत, आणि आई आज या मुलाकडे तर उद्या त्या मुलीकडे. हा दुवा कसा जोडायचा ते आज सांगते.

मी निवृत्त परिचारिका आहे आणि सध्या मुलाकडे दुबईत, इंटरनॅशनल सिटीत राहते. ही वसाहत ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते, येथे बैठ्या इमारतींचे गट आहेत आणि प्रत्येक गटाला देशाचे नाव आहे. चायना, इंग्लंड, फ्रान्स, ग्रीस, इटली, मोरोक्को, पर्शिया, रशिया, स्पेन आणि एमिरेट्स. भाडे दुबईच्या इतर भागांच्या मानाने परवडते म्हणून भारतातून आलेली नोकरदार कुटुंबे येथे खूप. हिवाळ्यात त्यांचे आईवडील येतात, काही महिने राहतात आणि उन्हाळा लागला की परततात. मला रक्तदाब मोजता येतो हे एकदा कळले की संध्याकाळी कोणी ना कोणी दारात येतेच.

पर्शिया क्लस्टरमधल्या मावशी

अशाच एक मावशी पर्शिया क्लस्टरमध्ये मुलाकडे आल्या होत्या. (पर्शियात राहायला गेल्यावरून पुरीमला त्यांची किती थट्टा झाली असेल हे तुम्हाला सांगायला नको.) वय ८३. यजमान भूदलात हवालदार होते, निवृत्तीनंतर रायगड जिल्ह्यातल्या गावी राहिले आणि काही वर्षांपूर्वी वारले. मी रक्तदाब मोजला तर १८० वर १०० निघाला. गोळ्या चालू आहेत ना, असे विचारले. म्हणाल्या, "चालू आहेत, पण अर्धी घेते. येथे औषध महाग. पोराच्या पगारावर किती भार घालू? माझी पेन्शन तेवढी नाही."

पहिले काम डॉक्टरांना दाखवून गोळी पूर्ण सुरू करण्याचे होते. ते त्याच आठवड्यात झाले. रक्तदाबाची गोळी मनाने अर्धी करणे किंवा दिवसाआड घेणे यातून अर्धांगवायूचा आणि मूत्रपिंडाच्या विकाराचा धोका वाढतो. गोळी परवडत नसेल तर तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. त्याच गुणाची स्वस्त गोळी बहुधा असते.

मग मी त्यांना पेन्शनचा कागद दाखवायला सांगितला. त्यांची पेन्शन कमी का, ते त्या कागदावरच दिसत होते. त्यावर यजमानांचे नाव होते, मावशींचे नाव होते, पण मावशींच्या जन्मतारखेची जागा रिकामी होती.

ऐंशीनंतर पेन्शन वाढते

हे आपल्या पुष्कळ लोकांना माहीत नाही. निवृत्तिवेतन घेणाऱ्याचे वय ८० पूर्ण झाले की मूळ पेन्शनमध्ये २० टक्के जादा मिळतात. ८५ ला ३० टक्के, ९० ला ४० टक्के, ९५ ला ५० टक्के आणि १०० पूर्ण झाल्यावर १०० टक्के, म्हणजे मूळ पेन्शनच्या दुप्पट. हा नियम जसा माजी सैनिकाला तसाच कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या विधवेलाही लागू आहे. वय पूर्ण होते त्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून ही वाढ धरतात. शिवाय मूळ पेन्शनवर जो महागाई भत्ता मिळतो तो या जादा रकमेवरही मिळतो.

पण कार्यालयाला जन्मतारीखच ठाऊक नसेल तर वाढ कोणत्या दिवसापासून द्यायची? जुन्या काळी शिपायाचे लग्न नोंदवताना पत्नीचे नाव लिहीत, जन्मतारीख पुष्कळदा लिहीत नसत. म्हणून ज्यांच्या घरी ऐंशीच्या पुढची विधवा आहे त्यांनी आजच पेन्शन पेमेंट ऑर्डर, म्हणजे पीपीओ, काढून त्यावर तिची जन्मतारीख आहे का ते पाहावे. नसेल तर पॅन कार्ड, पासपोर्ट, आधार, मतदार ओळखपत्र किंवा शाळेचा दाखला यांपैकी जे असेल ते जोडून नोंद करून घेता येते.

एक माणूस, दोन नावे

मावशींच्या बाबतीत आणखी एक अडचण निघाली, आणि ती आपल्या समाजाची खास आहे. यजमानांच्या फौजी कागदावर त्यांचे नाव आणि वडिलांचे नाव एवढेच होते. आधार कार्डावर मात्र गावावरून पडलेले "कर" लावलेले आडनाव होते. मावशींचे नाव एका कागदावर माहेरच्या लाडक्या मराठी नावाने, दुसऱ्यावर बायबलमधल्या नावाने. बेने इस्रायलांच्या घरी हे नवे नाही. मुंबईत १७९६ साली आपले पहिले सिनेगॉग शाआर हारहमीम, ज्याला वाडवडील जुनी मशीद म्हणत, बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे कंपनी सरकारच्या फौजेतले देशी अधिकारी. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आल्यावर त्यांनी ते बांधले ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. तेच गृहस्थ समाजी हसाजी या नावानेही ओळखले जात. मुंबईच्या पलटणीत आपल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली. स्वतंत्र भारतात व्हाइस ॲडमिरल बेंजामिन अब्राहम सॅमसन खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे प्रमुख झाले. इतकी जुनी परंपरा असलेल्या समाजात नावांचा घोळही तितकाच जुना असणार.

संगणकाला मात्र समाजी आणि सॅम्युएल एकच हे कळत नाही. फौजी कागदावरचे नाव, आधारवरचे नाव आणि बँकेतले नाव जुळले नाही की हयातीचा दाखला अडतो, ओळखपत्र अडते, दवाखान्याचे कार्ड अडते. यावर उपाय आहे. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करावे, लग्नाचा दाखला असल्यास जोडावा आणि अर्ज संबंधित रेकॉर्ड ऑफिसकडे पाठवावा. रेकॉर्ड ऑफिस पलटणीप्रमाणे वेगळे असते. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, महार रेजिमेंटचे सागरला. यजमान कोणत्या दलात होते हे डिस्चार्ज बुकावर लिहिलेले असते. म्हणून ते जुने बुक रद्दीत टाकू नका. मावशींच्या दिराने गावची पत्र्याची पेटी उघडून ते शोधले आणि त्याचे फोटो मोबाइलवर पाठवले. पुढचा अर्ज अलिबागच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत गेला. काही महिने लागले, पण जन्मतारखेची नोंद झाली, सुधारित पीपीओ आला आणि मागची थकबाकीही मिळाली. आता गोळी पूर्ण घेतात, आणि नातवाला वाढदिवसाला स्वतःच्या पैशांची भेट देतात याचा त्यांना औषधापेक्षा जास्त गुण आला आहे असे मला वाटते.

दुबईतून हयातीचा दाखला

पेन्शनदाराने वर्षातून एकदा आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. तो चुकला तर पेन्शन थांबते. दाखला दिल्यावर थकबाकीसह पुन्हा सुरू होते, पण मधल्या महिन्यांत औषधपाणी कशाने करायचे? परदेशी आलेल्या वृद्धांचे नेमके येथेच अडते.

आता त्यासाठी भारतात परत जावे लागत नाही. जीवन प्रमाण ही सोय २०१४ पासून आहे आणि २०२१ पासून तीत चेहरा दाखवून ओळख पटवता येते. मुलाच्या मोबाइलवर जीवन प्रमाणचे आणि आधारच्या चेहरा-ओळखीचे अशी दोन ॲप घ्यावीत. खिडकीसमोर, उजेडात बसावे, चष्मा काढावा, सांगितल्यावर डोळ्यांची उघडझाप करावी. भारतातला मोबाइल नंबर दुबईत रोमिंगवर चालू ठेवावा, कारण त्यावर संकेतांक येतो.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. पूर्वी फौजी पेन्शन बँक देत असे, म्हणून सवयीने लोक बँकेचे नाव निवडतात. आता बहुतेक संरक्षण पेन्शनदार "स्पर्श" या व्यवस्थेत आले आहेत. तुमचे तसे असेल तर पेन्शन देणारी संस्था म्हणून "स्पर्श - पीसीडीए (पेन्शन)" हीच निवडावी. नाहीतर दाखला भलत्याच ठिकाणी जाऊन पडतो आणि पेन्शन थांबते.

ज्यांच्याजवळ आधार नाही किंवा ज्यांचा चेहरा ओळखला जात नाही त्यांनी छापील नमुन्यावर भारतीय वाणिज्य दूतावासातील अधिकाऱ्याची सही घ्यावी. दुबईचे वाणिज्य दूतावास बर दुबईच्या अल हमरिया भागात आहे. जाण्याआधी वेळ आणि लागणारे कागद विचारून घ्यावेत. तेथील प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा मोफत क्रमांक ८०० ४६३४२ हा आहे.

घरातली मुलगी विसरू नका

आपल्याकडे अनेक घरांत एखादी मुलगी लग्न न करता आईवडिलांना सांभाळत राहते. आईवडील गेल्यावर तिचे काय, ही चिंता कित्येकांची झोप उडवते. कुटुंब निवृत्तिवेतन फक्त विधवेपुरते नसते. पालकांवर अवलंबून असलेली अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित मुलगी पंचवीस वर्षांच्या पुढेही त्यास पात्र ठरू शकते. तिचे स्वतःचे उत्पन्न महिना ९,००० रुपये अधिक महागाई भत्ता यापेक्षा जास्त नसावे, आणि वैधव्य किंवा घटस्फोटाची सुरुवात पालक हयात असतानाच झालेली असावी, अशा अटी आहेत. ज्या मुलाला किंवा मुलीला अपंगत्वामुळे कमावता येत नाही त्यांनाही आयुष्यभर हे वेतन मिळू शकते. पण त्यांची नावे पालकांच्या हयातीतच नोंदवलेली असली तर पुढे धावपळ कमी होते. आबा बसले आहेत, सही करू शकतात, त्याच वेळी हे काम करावे.

दवाखान्याचे कार्ड

माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही आरोग्य योजना १ एप्रिल २००३ पासून सुरू आहे. निवृत्तिवेतन घेणारा माजी सैनिक, त्याची पत्नी, कुटुंब निवृत्तिवेतन घेणारी विधवा आणि अवलंबून असलेली मुले व आईवडील यांना तिच्या पॉलिक्लिनिकमध्ये तपासणी आणि औषधे मिळतात. मोठ्या उपचारासाठी तेथून नेमून दिलेल्या रुग्णालयात पाठवतात आणि रोख पैसे भरावे लागत नाहीत. सदस्य होताना हुद्द्याप्रमाणे एकदाच वर्गणी भरावी लागते. पण जे १ जानेवारी १९९६ च्या आधी निवृत्त झाले त्यांना आणि त्यांच्या विधवांना ती माफ आहे. आपले बहुतेक वृद्ध वाचक यातच मोडतील. पर्शिया क्लस्टरच्या मावशीही यातच मोडत होत्या, आणि त्यांनी इतकी वर्षे कार्डच काढले नव्हते. पेन्शनबरोबर दरमहा वैद्यकीय भत्ता घेत असाल तर कार्ड काढल्यावर तो बंद होतो, एवढे लक्षात घ्या. मोठ्या आजारात मात्र कार्डच उपयोगी पडते.

कार्ड भारतातल्या कोणत्याही पॉलिक्लिनिकमध्ये चालते. रात्री-बेरात्री छातीत दुखू लागले तर जवळच्या कोणत्याही रुग्णालयात न्यावे. ते रुग्णालय योजनेत नसेल तर ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवावे. हे वाक्य कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवून ठेवा.

दुबईच्या दवाखान्यात मात्र हे कार्ड चालत नाही. म्हणून आईवडील भेटीला येणार असतील तर प्रवासी आरोग्य विमा घेऊनच यावे, आणि मुलाच्या व्हिसावर राहणार असतील तर विमा असणे येथील कायद्याने बंधनकारक आहे. विम्याच्या अर्जात जुना आजार लपवू नये. पुढे त्याच कारणाने दावा नाकारला जातो. अचानक प्रकृती बिघडल्यास रुग्णवाहिकेसाठी ९९८ हा क्रमांक आहे.

औषधांबद्दल येथे फार कडक नियम आहेत. भारतात सहज मिळणारी ट्रामाडोल असलेली दुखण्याची गोळी, कोडीन असलेले खोकल्याचे औषध, झोपेसाठीच्या अल्प्राझोलाम किंवा डायझेपामसारख्या गोळ्या, नसांच्या दुखण्यासाठीची प्रिगॅबालिन ही येथे नियंत्रित औषधे आहेत. अशी औषधे आणायची असल्यास डॉक्टरांची चिठ्ठी घ्यावी आणि प्रवासाआधी अमिरातीच्या सरकारची ऑनलाइन परवानगी काढावी. जुन्या फौजी माणसांची पाठ आणि गुडघे दुखत असतात, त्यामुळे त्यांच्या पिशवीत या गोळ्या सापडण्याचा संभव अधिक. बाकीची औषधेही मूळ पाकिटात आणि चिठ्ठीसह आणावीत.

कान आणि मन

फौजी वृद्धांच्या दोन तक्रारींकडे घरच्यांचे दुर्लक्ष होते.

पहिली ऐकण्याची. तोफखाना, जहाजाचे इंजिन, विमानतळ, रायफलीचा सराव यांच्या मोठ्या आवाजाने कानाच्या आतल्या सूक्ष्म पेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी बारीक, उंच स्वर जातात. म्हणून आजोबांना पुरुषांचे बोलणे कळते, पण नातीचे कळत नाही. घरचे म्हणतात, "त्यांना हवे तेवढेच ऐकू येते." तसे नसते. ऐकू न आल्याने माणूस हळूहळू गप्प होतो, बाहेर पडत नाही, फोन उचलत नाही. एकदा कानाची तपासणी करून घ्यावी. श्रवणयंत्राची सोय ईसीएचएसमध्येही आहे.

दुसरी मनाची. १९६५ किंवा १९७१ चे युद्ध पाहिलेला माणूस नोकरी, संसार यांत ते विसरल्यासारखा वाटतो. पत्नी गेल्यावर किंवा गाव सोडून परक्या फ्लॅटमध्ये बसल्यावर ते वर येते. रात्री दचकून उठणे, फटाक्याच्या आवाजाने घाम फुटणे, कारण नसता चिडणे, जेवण सोडणे अशी लक्षणे दिसली तर "म्हातारपण" म्हणून सोडून देऊ नका. याला उपचार आहेत. भारतात असाल तर टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी तिचा खास कक्ष १ डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात चालू आहे.

आणि सोबत हवी. इंटरनॅशनल सिटीत उन्हाळ्यात बाहेर चालता येत नाही तेव्हा आम्ही ड्रॅगन मार्टच्या थंड गाळ्यांतून फेऱ्या मारतो. तेथे शीख, केरळी, गढवाली असे निवृत्त फौजी भेटतात. भाषा वेगळी असली तरी कोणती पलटण, कोणते साल, एवढे विचारले की गप्पा सुरू होतात. आपल्या आबांना अशा माणसांपर्यंत घेऊन जाणे हे मुलाचे काम आहे.

कोणाचे दार ठोठवावे

महाराष्ट्रात सैनिक कल्याण विभाग पुण्याला आहे आणि जिल्ह्याजिल्ह्यांत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आहेत. माजी सैनिकाचे किंवा विधवेचे ओळखपत्र तेथे मिळते आणि सर्व योजनांची सुरुवात त्यापासून होते. ज्यांना पेन्शनच मिळत नाही अशा हवालदार हुद्द्यापर्यंतच्या ६५ वर्षांवरील गरजू माजी सैनिकांना आणि विधवांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून दरमहा मदत मिळते. तिचा अर्जही याच कार्यालयातून जातो. दरवर्षी ७ डिसेंबरला आपण ध्वजदिनाचा छोटा झेंडा छातीला लावून पैसे देतो, तो निधी अशाच कामासाठी असतो.

काही वृद्ध मला म्हणतात, "कोणापुढे हात पसरायचा नाही." त्यांना मी रामबाम यांची आठवण करून देते. ते स्वतः वैद्य होते, आणि अबू धाबीला २०२३ मध्ये उघडलेल्या सिनेगॉगला त्यांचेच नाव आहे. त्यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आणि माणसाला स्वतःच्या पायांवर उभे करणे ही सर्वांत वरची ठरवली. आणि हे तर दानही नाही. ज्याने ऐन तारुण्य सीमेवर घालवले त्याचा तो हक्क आहे.

म्हणून या शब्बाथनंतर, सगळे घरी असताना, एवढे करा. पीपीओ, डिस्चार्ज बुक, आधार, बँकेचे पुस्तक, लग्नाचा दाखला आणि असल्यास मृत्यूचा दाखला एका पिशवीत आणा. सर्वांवरची नावे आणि जन्मतारखा ताडून पाहा. फरक असेल त्याखाली रेघ ओढा. प्रत्येक कागदाचा फोटो एका मुलाकडे आणि एका मुलीकडे ठेवा. आणि घरातल्या एका तरुणाचे नाव ठरवा, जो यापुढे दरवर्षी दाखल्याची तारीख लक्षात ठेवील. गावी एकटी राहणारी एखादी फौजीची विधवा तुमच्या ओळखीची असेल तर तिचेही कागद पाहा. तिला विचारणारे बहुधा कोणी नसते.

आपण एकमेकांना एकशे वीस वर्षांच्या आयुष्याचा आशीर्वाद देतो. सरकारने जादा पेन्शनची तरतूद शंभरपर्यंत करून ठेवली आहे. तेवढी तरी पुरेपूर घ्या, गोळ्या वेळेवर घ्या, आणि पुढची वीस वर्षे देव देईल.